सातजणांचा एक डोळा

आधीच सांगून ठेवतो, मला रागीट म्हणणारी माणसं गावात लय हायत, आन् ती खोटं बोलत न्हाईत. पण मला एक सांगा, माणसानं रस्त्यानं नीट चालायचं का न्हाई? गेल्या वर्षापास्नं मी वडूजच्या रस्त्याला ट्रॅक्टर घातला की कोण ना कोण मधी उगवलाच म्हणून समजा. मोटरसायकलवाला, दुधाचा टेम्पो, शाळेची मास्तरीण स्कूटीवर. कुठनं येत्यात कुणास ठाऊक! मी ब्रेक दाबायचा आन् तोंडाचा पट्टा सोडायचा. मास्तरणीला तर भर चौकात म्हणलं, "बाई, पोरांना काय शिकवताय? आधी स्वतः डोळं उघडून चालवा." बिचारी खाली मान घालून गेली.

माझ्या डोळ्यांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढायचा न्हाई. सतरा वर्षं फौजेत ट्रक चालवलाय ह्या धनाजीनं. लेहच्या चढाला, बर्फातनं. मेडिकल कायम शेप वन. फौजेत शेप वन म्हंजे माणूस डोक्यापास्नं पायापर्यंत खणखणीत. आता त्रेपन्न वय झालं, पण चष्मा न्हाई. कारखान्याच्या गाडीतळाच्या ह्या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या ट्रॉलीचा नंबर वाचून दाखवतो. हातच्या काकणाला आरसा कशाला?

फौजेतनं आल्यावर ट्रॅक्टर घेतला, दोन ट्रॉल्या जोडल्या आन् कारखान्याला ऊस ओढायला लागलो. आमच्या गावचे असे सात ट्रॅक्टर. हंगामात गाडीतळावर तीन-तीनशे वाहनांची रांग लागती. नंबर यायला कवा आठ तास, कवा दीड दिवस. तवा सातजणांनी रांगेत बसून काय करायचं? एकजण थांबतो आन् सातीच्या साती ट्रॅक्टर एक-एक करून पुढं सरकवतो. बाकीचे घरला जाऊन, भाकरी खाऊन, पाठ टेकून येत्यात. दुसऱ्या खेपेला दुसरा थांबतो. ह्याला आमी 'नंबर धरणं' म्हणतो. वर्षानुवर्षं हे चाललंय, त्यात कुणी कुणाला दगा दिला न्हाई. म्हणून पुढं आमी जे केलं ते आमाला लबाडी वाटलीच न्हाई. शप्पथ सांगतो.

यंदा दिवाळीच्या तोंडाला कारखान्यानं फर्मान काढलं. चाळिशीच्या पुढं लायसन रिन्यू करायचं तर डॉक्टरचा दाखला लागतो, हे सगळ्यांना म्हाईत. तो कसा मिळायचा तेबी सगळ्यांना म्हाईत. एजंटच्या टपरीत सही आधीच झालेली असायची, नाव तेवढं घालायचं. कारखान्यानं म्हणलं, तसलं आमाला चालणार न्हाई. सांगलीच्या एका ट्रस्टचं डोळ्याचं शिबिर दोन दिवस गाडीतळावर बसंल. तिथला दाखला असंल त्याचाच ट्रॅक्टर ह्या हंगामात गेटाच्या आत.

त्याच दिवशी दुपारी लालासाहेब माझ्या वस्तीवर आला. आमी त्याला तात्या म्हणतो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मला पहिला गिअर टाकायला त्यानंच शिकवलं, मी फौजेत जायच्या आधी. तात्या आला, बसला, पाणी प्याला, आन् तांब्या खाली ठेवता ठेवता म्हणाला, "धनाजी, मला दिसत न्हाई रं."

"काय दिसत न्हाई?"

"सगळं धुरकट. समोरच्या गाडीचा लाईट पडला की नुसता भडका. वडूजचा डॉक्टर म्हणाला मोतीबिंदू हाय, दोनी डोळ्यांत. पिकलाय म्हणाला."

"मग ऑपरेशन करून टाका की. आजकाल सकाळी करत्यात, दुपारी घरी सोडत्यात."

"माझ्या बापाचंबी सकाळीच केलं हुतं. जेवढं दिसत हुतं तेवढंबी गेलं. मरूस्तवर भिंत धरून चालला." मग म्हणाला, "शिबिरात नापास झालो तर थोरला पोरगा किल्ली काढून घेईल. टपूनच बसलाय. मग मी काय करू, ओट्यावर बसून माश्या मारू? तुझी वहिनी गेली तवापास्नं मी ट्रॅक्टरवर हाय तेवढाच माणसात हाय, गड्या."

तात्याचं डोळं भरलं. ज्या माणसानं भरल्या ट्रॉल्या नदीच्या उतारावर उलट्या मागं घेतल्या, तो माणूस माझ्यापुढं तोंड बारीक करून बसला हुता.

मी म्हणलं, "आवं तात्या, रडताय कशाला? मी धरतो की तुमचा नंबर."

त्याला आधी कळंना. मग मी समजावून सांगितलं. नाव तुमचं, डोळं माझं. दोनशे ड्रायव्हर येणार, कोण कुणाचं थोबाड बघत बसतंय? आन् रस्त्यावर मी पुढं चालतो, तुमी माझ्या ट्रॉलीच्या मागचा लाल रिफ्लेक्टर धरून या. आंधळ्याच्या गाई देव राखतो. तात्यानं माझा हात दोनी हातांत धरला आन् बराच वेळ सोडला न्हाई.

आता असली गोष्ट सातजणांत झाकून राहती व्हय? दुसऱ्या दिवशी बाकीचे पाच दारात. एकाला शुगर, त्याला भ्या वाटतंय. दोघांना चष्मा लागंल म्हणून लाज. एकाला म्हणं डोळ्यांत थेंब घातले की चक्कर येती. आन् पाचवा तर दोनी दिवस मेहुणीच्या साखरपुड्याला फलटणला चाललेला! मी म्हणलं, "चला, तुमचंबी धरतो. सहा काय आन् सात काय."

आमची शालन चुलीपुढनं म्हणाली, "दुसऱ्याच्या नावानं परीक्षेला बसणारं पोरगं सापडलं तर शाळेतनं काढत्यात."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढं कळतंय की तुमी हल्ली चौकटीला धडकताय. खांदा काळानिळा झालाय."

"चौकटच अरुंद हाय! तुझ्या भावानं बसवलेली!" मी असा ओरडलो की कुत्रं उठून बाहेर गेलं. विषय तिथंच मिटला.

शिबिर बसलं. पत्र्याच्या शेडला पडदं लावलेलं, आत भिंतीवर अक्षरांचा तक्ता, पलीकडं टेबलावर डोळ्याच्या आतला फोटो काढायचं मशीन. सगळा कारभार पारस नावाच्या एका टेक्निशियनकडं. तिशीतला गडी, सांगलीकडचा, बोलायला मऊ. नाव पुकारायचा, टॅबवर बोट फिरवायचा, आन् "हं, वाचा काका" म्हणायचा. मान वर करायला त्याला सवड न्हाई. डॉक्टर कुठं हायत म्हणून विचारलं तर म्हणाला, डॉक्टर सांगलीत बसून फोटो बघणार, दाखले चार दिवसांनी.

पहिल्यांदा मी माझ्या नावानं गेलो. शेवटची बारीक ओळ खडाखडा वाचली, आन् खाली छापखान्याचं नाव हुतं तेबी वाचलं. पारस हसला. मग तात्याच्या नावानं गेलो, टोपी घालून. शेवटच्या दोन ओळी मुद्दाम सोडल्या. वयाला शोभलं पायजे की न्हाई? शुगरवाल्याच्या नावानं गेलो तवा मफलर गुंडाळला आन् एक अक्षर चुकवलं. साखरपुड्यावाल्याच्या नावानं दुसऱ्या दिवशी गेलो, दाढी करून. सात खेपा हनुवटी त्या मशीनवर टेकवली, सात खेपा लखकन् उजेड पडला. शेवटी शेवटी तर मी पारसला सांगत हुतो, "आता डावा ना? घे."

बाहेर आलो तर सहाजणांनी मला भेळ खाऊ घातली. तात्या म्हणाला, "वाघ हायस." मला लय बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पाचव्या दिवशी कारखान्यातनं फोन. गाडी विभागाच्या उदयसिंहसाहेबांनी सातजणांना बोलावलंय. नावं ऐकली आन् माझ्या लक्षात आलं. नेमके आमीच सात.

मीटिंगच्या खोलीत उदयसिंहसाहेब लालबुंद होऊन बसलेले. शेजारी एक डॉक्टरीण. पस्तिशीची, साधी सुती साडी, केस घट्ट बांधलेले. "ह्या डॉक्टर चंदनबाला मगदूम," साहेब म्हणाले, "सांगलीहून मुद्दाम आल्यात." तिनं लॅपटॉप आमच्याकडं फिरवला. पडद्यावर सात नारिंगी गोळे, त्यात लाल शिरा, कोरड्या ओढ्याला फाटे फुटावेत तशा.

"हा डोळ्याचा मागचा पडदा," ती म्हणाली. "प्रत्येक माणसाच्या शिरांची ठेवण वेगळी असते. अंगठ्याचा ठसा असतो तशी. सख्ख्या भावांचीसुद्धा सारखी नसते. आणि तुम्हा सातजणांची तंतोतंत एकच आहे."

आयला, माणूस टोपी बदलंल, मफलर बदलंल, पण डोळ्याच्या आतल्या शिरा कशा बदलणार? आमच्या बापजन्मात कुणाला हे ठाऊक नव्हतं.

उदयसिंहसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "कोण बसला सगळ्यांच्या नावावर? नाव सांगा, न्हाईतर सातीच्या साती हंगामभर बंद!"

डॉक्टरीण त्यांच्याकडं वळली. "साहेब, तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबता का? मी चोर पकडायला ऐंशी किलोमीटर आलेली नाही." साहेब चुळबुळले, पण गेले. मग ती आमच्याकडं बघून बोलायला लागली, हळू, एकेक शब्द सुटा करून.

"ज्याचा हा डोळा आहे त्याला काचबिंदू झालाय. दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पुढं गेलाय. त्या माणसाला स्वतःला हे माहीत नसणार. कारण समोरचं त्याला लख्ख दिसतं, अगदी शेवटची ओळसुद्धा. जातात त्या कडा. बाजूचं दिसायचं कमी कमी होत जातं, पण काळं काही दिसत नाही, म्हणून कळत नाही. औषध नाही घातलं तर एक दिवस मधलंही जाईल, आणि गेलेलं परत येत नाही. बाकी सहाजणांची मी पुन्हा तपासणी करीन, कारखान्याला सांगून शिक्षा होऊ देणार नाही. मला फक्त हा एक माणूस हवाय. कोण आहे?"

सहाजण जमिनीकडं बघत हुते, मला वाचवायला. आन् मी? मी मनात म्हणत हुतो, डाव हाय. गोड बोलून नाव काढून घ्यायचं. फौजेत असले डाव लय बघितलेत. माझ्या डोळ्याला काचबिंदू? मी छापखान्याचं नाव वाचलं, बाई! आन् मी उठलो तर तात्याचं काय? परत तपासणी म्हंजे तात्या नापास. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला त्याचीच किल्ली जाणार. मी दात आवळून बसलो.

तेवढ्यात तात्या उठला. "माझा हाय तो डोळा," म्हणाला. "मीच बसलो हुतो सगळ्यांच्या नावानं. घ्या लिहून."

डॉक्टरणीनं पर्समधनं बारीक बॅटरी काढली, त्याच्या डोळ्यांत मारली आन् लगेच बंद केली. "बाबा, तुमचा मोतीबिंदू इतका पिकलाय की माझा कॅमेरा तुमच्या डोळ्यात शिरूच शकत नाही. तुमचा असा स्वच्छ फोटो निघणार कसा? खाली बसा."

तात्या बसला न्हाई. उभाच राहिला. त्याला कळलं हुतं की आता त्याचं बिंग फुटलं, हंगाम गेला, किल्ली गेली. मला वाटलं आता तरी गप बसंल. पण तो माझ्याकडं वळला, त्या धुरकट डोळ्यांनी अंदाजानं माझं तोंड हुडकलं, आन् म्हणाला, "धनाजी, ऊठ."

"तात्या!"

"ऊठ म्हणतो ना. माझ्या हंगामाच्या पायी तुझं डोळं घालवू व्हय रं?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्यासाठी मी हे केलं, त्यानंच मला उघडं पाडावं? मी म्हणलं, "फितूर झालास, तात्या! फौजेत असतास तर गोळी घातली असती तुला!" आणखीबी काय काय बोललो, ते लिहिण्यासारखं न्हाई. आन् ताडकन् दरवाज्याकडं निघालो. दोन पावलं गेलो न्हाई तर गुडघा धाडकन् कशावर तरी आपटला आन् मी तोंडावर जाता जाता राहिलो. खुर्ची. माझ्या डाव्या अंगाला. "आयला, ही खुर्ची इथं कुणी ठेवली?" मी गरजलो.

एरवी ही सहा टाळकी फिदीफिदी हसली असती. आमच्यात कुणी धडपडला की आठवडाभर चिडवायची पद्धत हाय. पण कुणी हसलं न्हाई. सगळे माझ्याकडं नुसतं बघत हुते. साखरपुड्यावाला तर त्याच खुर्चीवर बसलेला हुता. मघापास्नं माझ्या शेजारीच.

मी परत जागेवर जाऊन बसलो. कुणी बोलायच्या आधी डॉक्टरणीनं विचारलं, "काका, गाडी चालवताना माणसं अचानक समोर येतात का?"

मोटरसायकलवाला, टेम्पो, मास्तरीण. वर्षभर ज्यांना ज्यांना शिव्या घातल्या ती सगळी डोळ्यांपुढं आली. म्हंजे ती उगवत नव्हती. ती तिथंच हुती, सरळ आपल्या वाटेनं चाललेली. अंगावर मीच जात हुतो.

"घरात चौकटीला, दाराला लागतं?"

"चौकट अरुंद हाय," मी म्हणलं, पण ह्या खेपेला ओरडलो न्हाई.

ती हसली न्हाई. म्हणाली, "उद्या सांगलीला या. नीट तपासू."

मी म्हणलं, येणार न्हाई. दोन दिवस तोच हट्ट. तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या दारात, हातात पिशवी. मी त्याच्याकडं पाठ फिरवली.

"फितूर आलाय," तो म्हणाला. "चल, एसटी साडेसातची हाय."

"तुमी कशाला?"

"ऑपरेशन करून घेतो. तू मशीनवर बसणार असशील तर मी टेबलावर झोपतो. न्हाईतर दोघंबी बसू घरी, बापासारखं भिंत धरून." मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तात्या किती भितो ते मला ठाऊक हुतं. मी चपला घातल्या.

सांगलीच्या दवाखान्यात त्याला त्याच दिवशी भरती केलं, दुसऱ्या दिवशी सकाळी आत नेलं. जाताना माझा हात इतका आवळला की बोटं दुखली. पाऊण तासानं बाहेर आला, एका डोळ्यावर हिरवं फडकं. "झालं बी?" म्हणाला, "मला वाटलं अजून धुताहेत." डॉक्टरीण म्हणाली, चांगलं झालंय, दुसरा डोळा पुढच्या महिन्यात करू, मग परत तपासू आन् दिसलं तर दाखला देऊ. म्हंजे कारखान्याचा पट्टा पडायच्या, हंगाम सरायच्या आत तात्या ट्रॅक्टरवर बसला तर नवल न्हाई. तात्या एका डोळ्यानं रडायला लागला, तर नर्स त्याच्यावर ओरडली.

मग माझी पाळी. मशीनच्या खोलीत न्यायच्या आधी डॉक्टरणीनं मला समोर बसवलं. "काका, स्पष्ट सांगते. सगळं या तपासणीवर आहे. बाजूचं पुरेसं दिसलं तर दाखल्यावर मी स्वतः सही करीन. नाही दिसलं तर औषधाचे थेंब देईन, जे उरलंय ते टिकवू. पण गाडी चालवायला माझी सही मिळणार नाही."

"कायमची?"

"कायमची."

मी म्हणलं, "हूं द्या सुरू."

खोलीत अंधार केलेला. आत पारस. मला ओळखून हसला, मग हसू आवरलं. परात काठावर उभी करावी तसलं पांढरं, आतनं खोलगट मशीन. हनुवटी टेकवली, एका डोळ्यावर पट्टी, हातात बटण. पारस म्हणाला, "काका, मधल्या पिवळ्या दिव्याकडंच बघायचं. नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठंही बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं."

एवढंच ना? लेहला पहाऱ्यावर असताना समोरच्या डोंगरावरची काडी पेटलेली ओळखायचो मी. मशीन सुरू झालं. मधल्या दिव्याच्या जवळ ठिपका आला, दाबलं. दुसरा आला, दाबलं. सात-आठ वेळा पटापट दाबलं. मग ठिपके यायचे थांबले. मी वाट बघितली. बराच वेळ काय न्हाई.

"पारस, मशीन बंद पडलं का रं?"

"नाही काका, चालू आहे. समोर बघत राहा."

मी समोर बघत राहिलो. आन् तवा माझ्या ध्यानात आलं. मघाशी प्रत्येक ठिपक्याच्या बरोबर मशीनच्या आतनं बारीक टिक असा आवाज यायचा. तो आवाज अजून येत हुता. टिक. थोडं थांबून परत टिक. ठिपका तेवढा येत नव्हता. म्हंजे येत हुता. माझ्यापर्यंत येत नव्हता. 

पण माणसाची खोड बघा. एवढं कळलं तरी पुढचा विचार काय आला? कान तर शाबूत हायत! टिक झालं, मी दाबलं. टिक झालं, दाबलं. असं चारदा. पारस काय बोलला न्हाई. मनात म्हणलं, जमतंय. असं दाबत गेलो तर सही मिळंल, ट्रॅक्टर सुटंल, तात्या बरा झाला की दोघं मिळून ऊस ओढू. दुनियेला काय कळतंय?

पाचवं टिक झालं आन् अंगठा तसाच राहिला. हंगामात ऊसतोडीच्या बाया वाढ्याचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे डोक्यावर घेऊन फाट्याला विकायला निघत्यात. रस्त्याच्या डाव्या कडेनं, एकीमागं एक, कडेवर पोरं. दोन ट्रॉल्यांचा माझा ट्रॅक्टर त्यांच्या अंगाला घासून जातो. त्यांच्या पायाखालनं टिक वाजत न्हाई.

मी अंगठा बटणावरनं उचलला. टिक झालं. परत टिक झालं. गालावरनं पाणी खाली आलं आन् हनुवटीच्या पट्टीत मुरलं. मी पुसलं न्हाई, हललो तर तपासणी चुकती म्हणून.

"काका, दमलात का?" पारसनं विचारलं. "दिसलं की दाबायचं हां."

"दिसत न्हाई, बाबा," मी म्हणलं. "आन् मघाशी शेवटचं चार मी आवाजावर दाबलेत. खोटे हायत ते. पुसून टाक आन् पहिल्यापास्नं लाव."

मग त्यानं माझ्या डोळ्यावरची पट्टी नीट केली आन् मशीन परत सुरू केलं.